ऑफिसच्या राउटरमधला डीएनएस कुणी ठरवायचा?



मस्कतमध्ये लहान ऑफिसांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांची एक सवय आहे. नवा राउटर आला की आत लॉगिन करायचं, डीएनएसच्या दोन चौकटींत ८.८.८.८ आणि ८.८.४.४ टाकायचं, सेव्ह करायचं आणि चहाला निघायचं. का टाकलं, असं मालकाने विचारलं तर उत्तर ठरलेलं : "नेट फास्ट होतं साहेब." मालकही मान डोलावतो. विषय तिथेच संपतो.

त्या आकड्यांशी माझं भांडण नाही. चांगली सेवा आहे, २००९ च्या डिसेंबरपासून चालू आहे, फुकट आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या दोन चौकटींत काय भरायचं हा ऑफिसचा निर्णय आहे, आयटीवाल्याच्या बोटांची सवय नव्हे. तो विचार करून घ्यावा, कागदावर लिहावा आणि तो कागद मालकाच्या कपाटात असावा. आपण परदेशात व्हिसावर राहणारी माणसं आहोत, म्हणून तर हे जास्तच गरजेचं आहे. का ते पुढे सांगतो.

आपल्यात आयटीबाहेरची मंडळीही आहेत, म्हणून आधी थोडं मूळ. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावं राहतात. सुरुवातीला सगळ्या नावांची एकच यादी होती, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तसं ते जमेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजच्या डीएनएसचा आराखडा मांडला. त्यात यादी एका जागी नाही, हजारो ठिकाणी वाटलेली आहे, आणि आपल्या वतीने विचारपूस करून पत्ता आणून देणारा एक मध्यस्थ सर्व्हर असतो. राउटरमधल्या त्या दोन चौकटींत आपण लिहितो तो ह्या मध्यस्थाचा पत्ता.

इथल्या भाषेत सांगायचं तर तो आपल्या ऑफिसचा मंदूब आहे. मंत्रालयात कागद घेऊन जाणारा माणूस आपण कसा निवडतो? रस्त्यात भेटला त्याच्या हातात पासपोर्ट देत नाही. डीएनएसचा मंदूब दिवसभरात ऑफिसातला प्रत्येक जण कुठे कुठे जातो ते पाहतो. आणि तो जे दार दाखवेल तिथेच आपला अकाउंटंट जाऊन उभा राहतो. दार बँकेचं आहे की बँकेसारखं रंगवलेलं, हे अकाउंटंटला पत्त्यावरून कळत नाही.

ही नुसती भीती नाही, असं घडून गेलंय. 'डीएनएसचेंजर' नावाचा व्हायरस २००७ पासून पसरत होता. तो कॉम्प्युटरमधला डीएनएसचा पत्ता बदलायचा, आणि राउटरचा पासवर्ड कंपनीतून आलेला तसाच असेल तर राउटरमध्ये शिरून तिथलाही बदलायचा. शंभराहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर त्यात सापडले. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात त्या टोळीला पकडलं, पण गंमत पुढेच आहे. टोळीचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर ह्या सगळ्या कॉम्प्युटरांचं इंटरनेट एका क्षणात गेलं असतं. म्हणून त्यांच्या जागी तात्पुरते चांगले सर्व्हर लावून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. लोकांना स्वतःच्या दोन चौकटी तपासायला आठ महिने मिळाले, तरीही शेवटच्या दिवसापर्यंत लाखो कॉम्प्युटर तसेच राहिले होते. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये तर थेट मोडेमवरच हल्ला झाला. मोडेममधल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख मोडेममधला डीएनएस बदलला गेला आणि लोक बँकेचं नाव टाईप करून चोराच्या पानावर पोचू लागले.

आता तुम्ही म्हणाल, आज सगळीकडे एचटीटीपीएस आहे, कुलपाचं चित्र आहे, खोटं पान लगेच उघडं पडतं. बरोबर. खोट्या सर्व्हरकडे बँकेच्या नावाचं खरं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे ब्राउझर लाल पान दाखवतो. २०११ पेक्षा आज आपण नक्कीच सुरक्षित आहोत. पण महिनाअखेरीला पगाराची फाईल चढवायच्या घाईत असलेला माणूस त्या लाल पानावर "तरीही पुढे जा" दाबतो की नाही, हे प्रत्येकाने आपापल्या ऑफिसात बघावं.

"फास्ट"चंही एकदा बघून घेऊ. डीएनएसचं एक उत्तर यायला काही मिलिसेकंद लागतात, आणि एकदा आलेलं उत्तर राउटर आणि कॉम्प्युटर काही काळ लक्षात ठेवतात. डीएनएस बदलल्याने लाईनचा वेग वाढत नाही. १० एमबीची फाईल त्याच वेगाने उतरते. पान उघडायला सुरुवात होण्याचा वेळ तेवढा कमी-जास्त होतो, आणि तोही ऑपरेटरचा डीएनएस खरोखर कुंथत असेल तरच जाणवतो.

उलट कधी कधी तोटा होतो. व्हिडिओ आणि मोठी डाउनलोड देणाऱ्या कंपन्या ठिकठिकाणी आपल्या साठ्याचे सर्व्हर ठेवतात आणि विचारणारा कुठून विचारतोय ते पाहून जवळचा पत्ता देतात. ऑपरेटरचा डीएनएस देशातच असल्याने जवळचा साठा मिळायची शक्यता चांगली. गूगलचा डीएनएस विचारणाऱ्याच्या पत्त्याचा थोडा भाग पुढे कळवतो, त्यामुळे तिथेही बहुतेक वेळा जमतं. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ (१ एप्रिल २०१८ पासून चालू) खासगीपणासाठी मुद्दाम तसं कळवत नाही. म्हणजे खासगीपणा हवा की जवळचा साठा, हा निवडीचा प्रश्न झाला. तो आपण निवडायचा आणि निवडला असं सांगता आलं पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या तेव्हा आखातातून जाणारी बरीच वाहतूक लांबच्या वाटेने वळली आणि मंदावली. अशा वेळी कुठला मध्यस्थ किती लांब आहे हे माहीत असलेला माणूस पाच मिनिटांत निष्कर्षाला येतो. माहीत नसलेला दिवसभर राउटर बंद-चालू करत बसतो.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेला मुद्दा : दुसरी चौकट. "पहिल्याकडे नाव सापडलं नाही तर दुसऱ्याला विचारलं जातं" असं बरेच जण, अगदी डिग्रीवालेसुद्धा, ठामपणे सांगतात. तसं नाही. पहिल्या सर्व्हरने उत्तरच दिलं नाही तर दुसऱ्याला विचारतात. "असं नाव नाही" हे पण उत्तरच आहे, आणि तिथे शोध संपतो. शिवाय काही राउटर दोघांनाही एकदम विचारतात आणि आधी येईल ते उत्तर धरतात. ह्यातून दोन गोष्टी निघतात.

एक, ऑफिसात विंडोज सर्व्हर असेल आणि कॉम्प्युटर त्याच्या डोमेनमध्ये असतील, तर कॉम्प्युटरच्या डीएनएसमध्ये फक्त त्या सर्व्हरचा पत्ता हवा. "असू दे बॅकअपला" म्हणून दुसऱ्या चौकटीत ८.८.८.८ टाकलंत, तर कधीतरी कॉम्प्युटर त्या दुसऱ्याकडे वळतो, आणि गूगलला तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरचं नाव माहीत असायचं कारण नाही. मग लॉगिन रेंगाळतं, शेअर्ड फोल्डर गायब होतं, दहा मिनिटांनी आपोआप परत येतं आणि तुम्हाला वेड लागायची पाळी येते. बाहेरचे पत्ते विचारायचं काम त्या सर्व्हरवर फॉरवर्डर म्हणून लावावं. बॅकअप हवाच असेल तर दुसरा आतलाच सर्व्हर हवा.

दोन, गाळणी लावलेला डीएनएस आणि साधा डीएनएस शेजारी-शेजारी ठेवू नये. क्वाड-नाईनचा ९.९.९.९ हा (२०१७ पासून) घातक म्हणून माहीत असलेली नावं अडवतो. लहान ऑफिसला ही फुकटातली चांगली राखण आहे. पण पहिल्या चौकटीत ९.९.९.९ आणि दुसरीत ८.८.८.८ म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं. दोन्ही चौकटी एकाच धोरणाच्या हव्यात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, सर्व्हर नसलेल्या दहा-पंधरा जणांच्या ऑफिसात सगळ्या कॉम्प्युटरांना डीएचसीपीमधून राउटरचाच पत्ता डीएनएस म्हणून द्यावा (१९२.१६८.१.१ वगैरे जो असेल तो), आणि बाहेरचे दोन पत्ते फक्त राउटरवर एकाच ठिकाणी लिहावेत. उद्या बदलायची वेळ आली तर एकच जागा. प्रिंटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर मात्र विसरू नका. त्यांना बहुतेक वेळा हाताने पत्ते दिलेले असतात, डीएनएससुद्धा. सगळं बदलून झाल्यावर तीन आठवड्यांनी "स्कॅन केलेलं ईमेलला जात नाही" अशी तक्रार येते, तिचं मूळ हे असतं. आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलणं, बाहेरून लॉगिन करायची सोय बंद ठेवणं, फर्मवेअर अद्ययावत ठेवणं, ह्याशिवाय वरचं सगळं व्यर्थ आहे. दार उघडं असेल तर आत काय लिहिलंय याला अर्थ नाही.

घाईत केलेल्या बदलांबद्दलही लिहायला हवं. ३ ऑक्टोबर २०२१ च्या संध्याकाळी शाहीन वादळ बातिना किनाऱ्यावर आदळलं. सुवैक, खाबुरा, मुसन्नाकडे काय झालं ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. लगेच दुसऱ्या दिवशी, ४ तारखेला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक एकदम बंद पडलं, सुमारे सहा तास. माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाने आधी वादळालाच दोष दिला. प्रत्यक्षात गडबड फेसबुकच्या घरची होती. देखभालीच्या एका कमांडने त्यांचं अंतर्गत जाळंच तुटलं, मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी स्वतःची वाट जगाला सांगणं थांबवलं, आणि ती नावं कुणालाच सापडेनात. त्या रात्री कुठल्याही राउटरमध्ये कुठलाही आकडा टाकून काही फरक पडणार नव्हता. तरी पुष्कळांनी हात घातला. कुणी ऑफिसचा राउटर फॅक्टरी रिसेट केला, कुणी पुतण्याने फोनवर सांगितलेला पत्ता टाकला. सहा तासांनी व्हॉट्सअ‍ॅप आलं, "बघा, ह्याने चालू झालं" असं वाटलं, आणि तो पत्ता तसाच राहिला. एएमसीच्या कामाला गेलं की असे आकडे अजून सापडतात. कुणी टाकले, कधी टाकले, कुणाला आठवत नाही.

असं काही झालं तर हात घालण्याआधी दोनच गोष्टी कराव्यात. कमांड प्रॉम्प्टवर ८.८.८.८ ला पिंग करावं. उत्तर आलं म्हणजे लाईन चालू आहे. मग एनएसलुकअपने दोन-चार वेगवेगळी नावं विचारावीत. लाईन चालू आणि कुठलंच नाव सापडत नाही, तर आपल्या डीएनएसचा प्रश्न. बाकी सगळी सापडतात आणि एकच नाही, तर प्रश्न त्यांच्या घरचा, आपण चहा घ्यावा. :-)

आता मूळ मुद्दा. वादी कबीरमधल्या एका ट्रेडिंग कंपनीच्या शाखेत काही वर्षांपूर्वी मला बोलावणं आलं. नाव सांगत नाही, तशा कंपन्या पन्नास असतील. महिन्याची पंचवीस तारीख, सकाळपासून एकही पान उघडत नाही, आणि सत्तावीस माणसांच्या पगाराची फाईल दुपारपर्यंत बँकेच्या पोर्टलवर चढवायची होती. पिंग जात होतं, नावं सापडत नव्हती. राउटरमधला डीएनएस मुख्य ऑफिसच्या सर्व्हरकडे वळवलेला होता, आणि मुख्य ऑफिसने आदल्या रात्री तो सर्व्हर बदलला होता. शाखेत असं काही जोडलेलं आहे हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं. हे सगळं ज्याने लावलं तो आयटीवाला सात वर्षं काम करून वर्षभरापूर्वी देश सोडून गेला होता. राउटरचा पासवर्ड त्याच्या डोक्यात. रिसेट करावं तर ऑपरेटरचं युजरनेम-पासवर्ड पुन्हा भरावं लागणार, तेही त्याच्याच डोक्यात. ऑपरेटरकडून ते मागायला कंपनीचा सही करणारा माणूस हवा, तो रजेवर भारतात. शेवटी अकाउंटंटच्या एका कॉम्प्युटरवर हाताने डीएनएस टाकून फाईल चढवली, पगार झाले. राउटर ताब्यात यायला आणखी दोन दिवस गेले.

त्या जुन्या आयटीवाल्याचं काम वाईट नव्हतं. वायरिंग नीटनेटकं होतं, केबलींना लेबलं होती. नव्हता तो फक्त एक कागद. आणि तो नसल्याची किंमत कुणी मोजली असती? मालकाने नव्हे. महिन्याला शंभर-दीडशे रियालांवर काम करणाऱ्या, त्यातले निम्मे त्याच संध्याकाळी रुवीच्या एक्स्चेंजमधून घरी पाठवणाऱ्या गोदामातल्या माणसांनी.

आपण सगळे इथून कधी ना कधी जाणार. कुणी कॅनडाला, कुणी दुबईला, कुणी पुण्याला. पूर्वी एनओसीच्या अटीमुळे माणूस एकाच मालकाकडे अडकून वर्षानुवर्षं राहायचा, त्यामुळे "त्याला विचारा" हे चालून जायचं. ती अट २०२१ च्या जानेवारीपासून गेली. माणसांच्या भल्याचंच झालं, पण आता कामाची जागा लवकर बदलते. माणूस जातो, राउटर राहतो.

ह्यावर काही जण मला खासगीत म्हणतात, "अरे, सगळं लिहून दिलं तर आपली गरज काय राहिली? पासवर्ड आपल्याकडे आहे म्हणून तर व्हिसा रिन्यू होतो." हे ऐकायला कडवट असलं तरी त्यामागची भीती खरी आहे, मी तिची टिंगल करणार नाही. पोरं शाळेत आहेत, गावाकडे घराचा हप्ता आहे, आणि स्वस्तातला दुसरा माणूस आणू असं मालक बोलून दाखवतो. पण हिशोब करून पाहा. राउटर रिसेट करायला एक टाचणी लागते आणि अर्धा दिवस. एवढ्यावर टिकलेली नोकरी कितीशी टिकेल? उलट ज्याच्या ऑफिसात सगळं कागदावर आहे तो रजेवर गावी निर्धास्त जातो, गणपतीत आरतीच्या मध्ये त्याचा फोन वाजत नाही. आणि ज्या ओमानी सहकाऱ्याला आपण हे शिकवतो तो उद्या दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर असतो आणि आपलं नाव सांगतो. मी हे होताना पाहिलंय.

कागदावर काय हवं? राउटरचा पत्ता, मॉडेल आणि पासवर्ड. ऑपरेटरचा खातेक्रमांक, युजरनेम, पासवर्ड. डीएनएसचे दोन पत्ते, ते का निवडले याची एक ओळ, आणि तारीख. हाताने पत्ते दिलेल्या यंत्रांची यादी. आणि कंपनीचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते. हे शेवटचं राउटरच्या बाहेरचं असलं तरी डीएनएसचंच दुसरं टोक आहे. कित्येक कंपन्यांचं डोमेन नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खासगी ईमेलवर नोंदलेलं असतं. नूतनीकरणाची सूचना त्याला जाते, तो ते बघतही नाही, आणि एक दिवस कंपनीची वेबसाईट आणि सगळी ईमेलं बंद. नोंदणी कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्याच ईमेलवर करून घ्या. ते ईमेल मात्र त्याच डोमेनवरचं नको, नाहीतर डोमेन गेलं की सूचनाही गेली.

हा एका पानाचा कागद पाकिटात बंद करून मालकाला किंवा फायनान्स मॅनेजरला द्यावा, ट्रेड लायसन्सच्या फाईलमध्ये ठेवायला सांगावा. मालक म्हणेल, "मला ह्यातलं काय कळतं?" कळायची गरज नाही. त्याला मंदूबचं नाव माहीत असतं ना, तेवढंच.

येत्या गुरुवारी ऑफिस सुटायच्या आधी पंधरा मिनिटं काढा, राउटर उघडा आणि त्या दोन चौकटींत काय आहे ते बघा. ओळखीचं असेल तर लिहून ठेवा. ओळखीचं नसेल तर ते तिथे कसं आलं, याचा शोध रविवारवर ढकलू नका.

कुणाचं मत वेगळं असेल, विशेषतः ऑपरेटरचाच डीएनएस ठेवावा की बाहेरचा याबद्दल, तर जरूर लिहा. सोहार आणि सलालाहच्या मंडळींचा अनुभव वाचायला आवडेल.

कळावे, लोभ असावा.

रुवी, मस्कत